तीन वर्षांच्या लेकीला घेऊन पुण्याहून ब्रेमेनला: काय न्यावं, काय शिकावं?

जाईजुई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

नवऱ्याला जर्मनीत ब्रेमेनला नोकरी मिळाली आहे, विमानांच्या सुट्या भागांच्या डिझाइनची. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणाऱ्या युरोपीय परवान्यावर जातोय. तो जानेवारीत पुढे जाईल, मी आणि लेक मार्चच्या शेवटी. लेक तेव्हा सव्वातीन वर्षांची असेल. आम्ही कोथरूडला राहतो, सासूबाई आमच्यासोबत. सासरे नाहीत. सासूबाई इथेच राहणार आहेत.

लहानपणी मावशीकडे औंधला जायचो तेव्हा ब्रेमेन चौक लागायचा. ब्रेमेन हे एका शहराचं नाव आहे आणि पुण्याचं त्या शहराशी मैत्रीचं नातं आहे, हे मला मोठेपणी कळलं. आता तिथेच घर शोधतोय.

कंपनीने नवऱ्यासाठी माणूस नेमलाय, त्याचं सगळं होईल. माझे प्रश्न घरचे आहेत. सामान काय न्यायचं? लेक इथे शिशुवर्गात रुळलीय, तिथल्या बालवाडीत कशी राहील? मी नऊ वर्षं शाळेत गणित शिकवतेय, ती नोकरी सोडतेय. तिथे मी दिवसभर काय करणार, हा प्रश्न रात्री झोपू देत नाही. आणि सासूबाईंचं काय, हा त्याहून मोठा. ज्यांनी हे केलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा. गोड गोड नको.

पानशेत

अभिनंदन. आम्ही सहा वर्षं हानोफरला होतो, ब्रेमेनहून रेल्वेने तासाभरावर. दोन वर्षांपूर्वी परत आलो, आता बाणेरला. कागदांचं मी सांगतो, बाकीचं बायकोला विचारून नंतर.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचं एक ठरावीक पत्र लागतं, नुसता भाडेकरार चालत नाही. नवऱ्याने घर घेतानाच ते मागून ठेवावं आणि त्यात तुम्हा तिघांची नावं असावीत. या नोंदीनंतर कर क्रमांक पोस्टाने येतो. बँक, विमा, बालभत्ता, सगळी गाडी या नोंदीपासून पुढे सरकते.

आणि टपालपेटीवर आडनाव चिकटवा, पहिल्या दिवशी. आमचं पेटीवर नाव नव्हतं तर पोस्टमनने पत्र परत नेलं. त्यात विम्याचं कार्ड होतं. तिथे अजूनही अर्धं आयुष्य कागदी पत्रांवर चालतं, त्यामुळे एक फाइल करा आणि आलेला प्रत्येक कागद तारखेने लावा.

आता आपल्या नावांची गोष्ट. पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात आपल्याकडे बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात. तिथे त्या रकान्यात जे आहे ते सगळं तुमचंच नाव धरतात. आमच्या मुलाच्या प्रत्येक कागदावर त्याच्या नावापुढे माझं नाव होतं आणि डॉक्टर त्याला कधी माझ्या नावाने हाक मारायचे. त्याने बिघडत काही नाही, पण पासपोर्ट, जन्मदाखला आणि विवाह नोंदणी या तिन्हींत स्पेलिंग एकच हवं. लेकीच्या महापालिकेच्या दाखल्यावर तिचं नाव चढवलंय ना, ते आजच बघा. कित्येकांच्या दाखल्यावर नावाची जागा कोरीच राहिलेली असते.

एजंट लोक अपॉस्टिल, म्हणजे परदेशासाठी कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, करून घ्या म्हणून मागे लागतील. भारताचं अपॉस्टिल जर्मनी मानत नाही. वकिलातीच्या यादीत जे लिहिलंय तेवढंच करा.

बालभत्ता, म्हणजे किंडरगेल्ड, २०२६ पासून एका मुलामागे महिना २५९ युरो आहे. अर्ज उशिरा केला तर मागचे सहाच महिने मिळतात. गाडीचं भारतीय लायसन्स सहा महिने चालतं, पुढे लेखी आणि रस्त्यावरची दोन्ही परीक्षा जर्मन पद्धतीने द्यायची.

तळजाई

सामान माझ्याकडे. आम्ही चार सदस्य गेलो होतो आणि निम्मं सामान चुकीचं नेलं होतं.

युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, आंबाबर्फी, चक्का हे बॅगेत नको. ताजी फळं आणि भाज्यांना रोगमुक्तीचा दाखला लागतो, त्यामुळे हापूसची पेटी विसरा. कढीपत्त्याची ताजी पानंही नकोत. या नियमातून पाच फळं सोडलेली आहेत: केळी, अननस, खजूर, ड्युरियन आणि नारळ. गृहप्रवेशाला नारळ नेता येतो. मी दोन नेले होते. एक फोडला, एक कलशावर ठेवला.

तूप तिथे घरी फार सुरेख होतं. बिनमिठाचं लोणी अडीचशे ग्रॅमच्या पाकिटात सगळीकडे मिळतं. चार पाकिटं मंद आचेवर ठेवा, बेरी खाली बसली की गाळा. सासूबाईंकडून नजर बसेपर्यंत शिकून घ्या, कारण तिथल्या काचेच्या शेगडीवर ज्योत दिसत नाही, बेरीच्या रंगावरच कळतं.

न्यायचं ते गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, आमसुलं, कुळथाचं पीठ, पोह्याचे पापड. डाळी, तांदूळ, हिंग, मोहरी सगळं तिथल्या भारतीय, तुर्की नाहीतर अफगाणी दुकानांत मिळतं. मिक्सर चालतो, वीज २३० व्होल्टच आहे. फक्त आपली तीन गोल पिनांची वायर तिथल्या खोबणीत बसत नाही, जोडणी न्या. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. शेगडी कुठली आहे ते आधी नवऱ्याला विचारा, मग कुकर घ्या.

आणि बऱ्याच घरांत स्वयंपाकघरच नसतं! नळाची तोंडं भिंतीतून आलेली, बाकी रिकामी खोली. ओटा, कपाटं, शेगडी आधीचा भाडेकरू काढून नेतो. जाहिरातीत 'बसवलेलं स्वयंपाकघर' लिहिलंय का ते बघायचं.

फोडणी करताना खिडकी उघडी. छताला धूर ओळखणारं यंत्र असतं, कायद्याने सक्तीचं.

शनिवारातला

कुकरची रबरं आणि शिट्ट्या न्या. चार-चार.

वेझरकाठ

जाईजुई, मी ब्रेमेनमध्येच आहे गं. माहेर सातारा रोड. नऊ वर्षं झाली इथे. तू गोड गोड नको म्हणालीस म्हणून सविस्तर लिहिते.

आधी लेकीचं. बालवाडीला इथे कीटा म्हणतात. ब्रेमेनमध्ये तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना २०१९ पासून कीटाची फी नाही, जेवणाचे पैसे तेवढे द्यायचे. एक वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाचा जागेवर कायद्याने हक्क आहे, पण हक्क असणं आणि जागा मिळणं यांत काही महिन्यांचं अंतर पडतं. नवऱ्याने पत्ता नोंदवला की लगेच अर्ज करायला सांग, तू येण्याची वाट बघू नका. गोवराच्या लसीचे दोन डोस झाल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय दोन वर्षांपुढच्या मुलाला आत घेत नाहीत. मार्च २०२० पासून तसा कायदाच आहे. तिच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत तारखा स्वच्छ वाचता येतील अशा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून, शिक्का मारून आण.

पुण्यात आपण काय करतो? पहिल्या दिवशी फाटकाशी बाई मुलाला उचलून आत नेतात, आपण कोपऱ्यावर उभं राहून रडणं थांबायची वाट बघतो. इथे तसं नाही. पहिले काही दिवस आईने नाहीतर बाबाने वर्गात छोट्या खुर्चीवर बसून राहायचं. मूल खेळतं, मध्येच येऊन मांडीला हात लावून जातं. मग एक दिवस दहा मिनिटं बाहेर, नंतर अर्धा तास, मग जेवणापर्यंत. दोन आठवडे लागतात, कुणाला चार. ते वेळ काढून करा. माझा मुलगा सोळाव्या दिवशी मला 'तू जा' म्हणाला.

रबरी बूट आणि चिखलातली विजार हवीच. पावसातही मुलांना बाहेर नेतात. पुण्याच्या पावसात भिजलेली मुलं यात लवकर रमतात असा माझा अनुभव आहे. शाकाहारी असाल तर जिलेटिनचं स्पष्ट सांगून ठेव. इथे वाढदिवसाला वाटतात त्या चिकट अस्वलांच्या गोळ्यांत ते असतं.

पहिला हिवाळा लेक सतत आजारी पडेल. घाबरू नकोस. बालरोगतज्ज्ञ आल्या आल्या शोध, बरेच जण नवीन मुलं घेत नाहीत. ताप आला तर डॉक्टर भरपूर पाणी आणि विश्रांती सांगून घरी पाठवतात. आपल्याला वाटतं यांनी काही केलंच नाही. रात्री-बेरात्री डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. सरकारी पद्धतीचा विमा असेल तर मूल आजारी असताना नोकरदार पालकाला वर्षाला पंधरा दिवसांपर्यंत भरपाईसह रजा मिळते, आईला वेगळी, बाबाला वेगळी. नवऱ्याने ती घ्यावी. इथे बाबा घेतात.

आता तुझं.

मी ऑक्टोबरात आले होते, मुलगा एक वर्षाचा. डिसेंबरात इथे चारच्या सुमाराला अंधार पडतो आणि सकाळी आठनंतर उजाडतं. पुण्यात आपण चारला चहा टाकतो, इथे चारला दिवे लावायचे. नवरा सहाला यायचा. एक दिवस माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी एकाही मोठ्या माणसाशी बोललेले नाही. फोनवर आईशी बोलायचे, पण तिला काळजी नको म्हणून 'सगळं छान' एवढंच.

त्याच आठवड्यात बेकरीत ब्रेड घेताना बाईंनी मला काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मागे रांग. मी पैसे ठेवले आणि ब्रेड न घेता बाहेर पडले. ट्रॅममध्ये मुलाच्या गाडीवरचं पावसाचं प्लास्टिक नीट करत रडले. महिन्याभराने कळलं की त्या फक्त 'पिशवी हवी का' विचारत होत्या. मी पुण्यात बँकेत काउंटर सांभाळलेली बाई. दिवसाला शंभर माणसांशी बोलायचे.

म्हणून तुला एकच सांगते. बॅगा नंतर भर, जर्मन आज सुरू कर. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी भाषेची परीक्षा लागत नाही आणि आल्या दिवसापासून नोकरी करता येते. ही सवलत आहे आणि हाच सापळाही आहे. परीक्षा लागत नाही म्हणून आपण शिकत नाही, आणि नोकरीची परवानगी भाषेवाचून कागदावरच राहते. नवऱ्याच्या ऑफिसात इंग्रजी चालतं. कीटा, दवाखाना, बेकरी, शेजारीण हे सगळं जर्मनमध्ये असतं आणि ते सगळं तुझ्या वाट्याला येणार.

मी दुसऱ्या वर्षी सरकारी इंटिग्रेशन कोर्स केला. ६०० तास भाषा आणि १०० तास इथला कायदा, इतिहास, समाज. वर्गात एक सीरियाची, एक पोलंडची, एक ब्राझीलची, सगळ्या आया. मोडकं जर्मन हीच आमची एकमेव सामाईक भाषा, त्यामुळे बोलावंच लागायचं. कोर्स संपता संपता कीटात पालकसभा होती. वर्षभरापूर्वी अशाच सभेत मी दीड तास नुसती हसत बसले होते. या वेळी उठून विचारलं की दुपारी झोपेची सक्ती का. वाक्यात दोन चुका होत्या. पण सभा संपल्यावर दोन आयांनी येऊन माझं नाव विचारलं. तोवर मी फक्त माझ्या मुलाची आई होते.

तुझ्याकडे अजून तीन महिने आहेत. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे, बोट क्लब रस्त्यावर मॅक्स म्युलर भवन आहे. पुण्यासारखी सोय किती शहरांत असते?

पानशेत

वेझरकाठ, हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'मी सहा वर्षांत हे कुणाला सांगू शकले नाही.' मीही तिला कधी विचारलं नव्हतं. जाईजुई, हा प्रतिसाद तुमच्या मिस्टरांना जाण्याआधी वाचायला द्या.

उत्तमनगर

कीटाबद्दल थोडं वेगळं मत मांडतो. माझ्या भावाची मुलगी चार वर्षं तिथे गेली. सहाव्या वर्षापर्यंत एक अक्षर शिकवलं नाही, नुसतं खेळणं आणि जंगलात फिरणं. त्यांना मध्येच पुण्यात परत यावं लागलं तर तिला पहिलीत फार जड गेलं. तुम्ही परतण्याचा विचार ठेवून जात असाल तर घरी अक्षरओळख सुरू ठेवा.

वेझरकाठ

मुद्दा खरा आहे, परतणाऱ्यांनी त्याचा विचार करायला हवा. फक्त अक्षरओळख मराठीची करा. जर्मन अक्षरं शाळा शिकवतेच. मराठी कुणीच शिकवणार नाही.

शाईपेन

मी पुण्यात तीस वर्षं जर्मन शिकवलं, आता निवृत्त. दोन गोष्टी सांगते.

घरात मुलीशी मराठीच बोला, पूर्ण आणि चांगलं मराठी. तिला लवकर यावं म्हणून मोडक्या जर्मनमध्ये तिच्याशी बोलू नका. ती जर्मन कीटातल्या मुलांकडून शिकेल, उच्चारासकट. तुमच्याकडून तिला गोष्ट, भांडण, लाड, रागावणं हे सगळं एका अख्ख्या भाषेत मिळायला हवं. ज्याची एक भाषा पक्की, त्याला दुसरी सोपी जाते.

दुसरं, ती कीटात कित्येक आठवडे, कदाचित काही महिने गप्प राहील. घरी बडबड आणि तिथे मौन. नवी भाषा कानावर पडणाऱ्या मुलांत हे नेहमी दिसतं. तिची जीभ थांबलेली असली तरी कान चालू असतात. 'आज काय बोललीस?' असं रोज विचारू नका. 'आज काय खेळलीस?' विचारा.

आणि तुम्ही गणित शिकवता हे वाचून बरं वाटलं. शिकवणाऱ्या माणसाला चूक करायची लाज वाटते, तेवढी तीन महिन्यांत सोडा. नामांचं लिंग सुरुवातीपासून शब्दासोबतच पाठ करा. आपल्याला तो पलंग, ती खुर्ची, ते कपाट अशी तीन लिंगं जन्मापासून येतात. इंग्रजी बोलणाऱ्याला जे नवल वाटतं ते तुम्हाला घरचं आहे.

तुळशीबाग

माझा मुलगा म्युनिकला अकरा वर्षं आहे. मी इथे एकटी, ६८ वर्षांची. सासूबाईंच्या बाजूने लिहिते.

पोरी, त्यांना 'तुम्हीही या ना' असं विमानतळावर म्हणू नकोस. आत्ता, घरात, कॅलेंडर समोर ठेवून कधी ते सांग. पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्यांचा पासपोर्ट नसेल तर तू जायच्या आधी मुंढव्याच्या केंद्रात तू स्वतः त्यांना घेऊन जा. माझा पासपोर्ट काढायला मुलाने ऑनलाइन फॉर्म भरून दिला आणि मी एकटी गेले. बोटांचे ठसे नीट उमटत नव्हते, मागची माणसं खोळंबली होती. परत येताना रिक्षात मला फार एकटं वाटलं. तुझी सासू तशी जायला नको.

फोनची वेळ ठरवा. उन्हाळ्यात ते आपल्या साडेतीन तास मागे असतात, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात. माझी नात कीटातून तीनला यायची, म्हणजे माझे साडेसहा, दिवेलागणीची वेळ. मी देवापाशी दिवा लावायचे, ती तिकडून शुभंकरोति म्हणायची. तिचं मराठी या पाच मिनिटांनी टिकलं. हिवाळ्यात साडेसात व्हायचे, मग मी दिवा थांबवायचे.

आजीला 'बघ, बाळ काय करतंय' म्हणून नुसता कॅमेरा दाखवत बसू नका. तिला काहीतरी काम द्या. गोष्ट तिने सांगायची, श्लोक तिने घ्यायचा. काम असलं की माणूस वाट बघतं, आणि वाट बघण्यात दिवस जातो.

जाईजुई

सगळ्यांचे प्रतिसाद रात्री सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. तुळशीबाग काकूंचा वाचताना माझा आवाज गेला, पुढचं त्यांनीच वाचलं. पासपोर्टची तारीख घेतली, मी बरोबर जातेय. जर्मनच्या वर्गात सोमवारपासून बसते. शाळेतून डिसेंबरऐवजी ऑक्टोबरातच बाहेर पडले असते तर बरं झालं असतं असं आता वाटतंय.

नवऱ्याला वेझरकाठचा प्रतिसाद वाचायला दिला. त्याने काहीच म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीच्या माणसाला मेल लिहून पालकांच्या रजेचे नियम विचारले.

जाईजुई (ब्रेमेनला पोचल्यावर सात महिन्यांनी)

धागा वर आणतेय. पुढे येणाऱ्यांना उपयोग होईल.

आम्ही मार्चच्या शेवटच्या शनिवारी पोचलो. रविवारी सगळी दुकानं बंद. नवऱ्याने दूध-भाज्या आणून ठेवल्या होत्या म्हणून निभावलं. त्याच पहाटे घड्याळ एक तास पुढे गेलं, म्हणजे आजी एक तासाने जवळ आली, असं लेकीला समजावलं.

कीटाची जागा जूनमध्ये मिळाली. तोवर रोज सकाळी आम्ही दोघी ट्रॅमने गावात जायचो. टाउन हॉलच्या बाजूला गाढव, कुत्रा, मांजर, कोंबडा एकमेकांच्या पाठीवर उभे असलेला ब्राँझचा पुतळा आहे, १९५३ चा. गाढवाचे पुढचे पाय धरून इच्छा मागतात, त्यामुळे तेवढेच घासून पिवळेधमक झालेत. लेक रोज पाय धरून 'आजी' म्हणायची. सासूबाईंनी त्या चौघा प्राण्यांची जुनी जर्मन गोष्ट शोधून वाचली आणि तिला फोनवर सांगायला घेतली. त्यांच्या गोष्टीत ते चौघं वाटेत पिठलं-भाकरी खातात.

शाईपेन बाई, लेक नऊ आठवडे कीटात एक शब्द बोलली नाही. मी विचारलं नाही, पण मनातून हलले होते. दहाव्या आठवड्यात तिथल्या ताईंनी सांगितलं की तिने वाळूच्या खड्ड्यात एका मुलाला खडसावलं, 'हे माझं आहे!' पूर्ण वाक्य, शुद्ध.

माझा इंटिग्रेशन कोर्स ऑगस्टमध्ये सुरू झाला. पुण्यातल्या तीन महिन्यांमुळे वरच्या पातळीपासून घेतलं. वर्गाबाहेर अजून धांदल उडते. वेझरकाठ दर दुसऱ्या शनिवारी भेटते, तिनेच मला सायकल घ्यायला लावली. गाव सपाट आहे. कर्वे रस्त्यावर सायकल बंद केली त्याला पंधरा वर्षं झाली होती.

नोव्हेंबर येतोय. भीती आहेच. सासूबाईंचा व्हिसा झालाय, त्या दिवाळीला येतायत, ८५ दिवसांसाठी.

जाईजुईची सासू

नमस्कार. सुनेने खातं काढून दिलं. तळजाई यांना विचारायचं होतं, भाजणी किती न्यावी? आणि नारळ हातातल्या बॅगेत ठेवायचा की मोठ्या?

तळजाई

काकू, भाजणी दोन किलो न्या, दुहेरी पिशवीत, वर इंग्रजीत नाव लिहून. नारळ मोठ्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळून. शेंडी काढू नका, पण माती झटकून घ्या.